फेसाळ पाण्यांतील शर्यत

आषाढ लागला, घाटमाथ्यावर पावसानें झोड उठविली, म्हणजे नदीच्या पुलावर माणसांची गर्दी होऊं लागते. कठड्याला टेकून पूर पाहणें हा आपल्याकडील गांवोगांवचा छंद आहे. कोणी वाहत आलेला ओंडका दाखवितो, कोणी पाणी घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत चढलें तें मोजतो. परंतु पाणी म्हणून जें आपल्याला दिसतें तें बहुधा एकच असतें : गढूळ, गर्जणारें आणि पुढें लोटणारें. वस्तुतः त्या एका लोंढ्यांत अनेक प्रवाह असतात. कांहीं पुढें धांवतात, कांहीं जागींच घोटाळतात, आणि कांहीं तर चक्क उलटे, उगमाच्या दिशेनें चालतात. पुलावरून पाहणाऱ्याच्या ही गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. जिच्यावर आपलें यश आणि प्रसंगीं प्राणहि अवलंबून आहेत म्हणून ज्याला ती लक्षांत ठेवावीच लागते, असा एक खेळाडू आहे. खडकाळ उतारावरून फेसाळत येणाऱ्या पाण्यांत कयाक नांवाची चिमुकली होडी हांकून शर्यत करणाऱ्या या खेळाडूची व त्याच्या खेळाची ओळख आज आपण करून घेऊं.

प्रथम त्याच्या होडीविषयीं. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील हिमप्रदेशांतली. ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेचा उत्तर किनारा येथें राहणाऱ्या इनुइट लोकांनीं सीलच्या शिकारीसाठीं ती घडविली. त्या प्रदेशांत लाकडाचें दुर्भिक्ष. म्हणून समुद्रावर वाहत आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचें कातडें ताणून बसवीत. होडी वरून बंद असे आणि तिच्या मधोमध एका माणसापुरतें भोंक असे. शिकारी त्यांत पाय लांब करून बसे व आपल्या कातडी अंगरख्याची कड त्या भोंकाच्या कांठाला आवळून बांधी. त्यामुळें माणूस आणि होडी मिळून जणूं एकच जलचर प्राणी तयार होई. लाट अंगावरून गेली तरी पाणी आंत शिरत नसे. होडी उलटली तर वल्ह्याच्या एका फटकाऱ्यासरशीं तो आंत बसल्याबसल्याच पुन्हा सुलटा होई. त्या बर्फाळ पाण्यांत होडी सोडून पोहत राहणें म्हणजे मरणच. तेव्हां ही विद्या त्यांना हौसेखातर नव्हे, तर जगण्यासाठीं शिकावी लागली.

आजची शर्यतीची कयाक कार्बनच्या तंतूंची बनविलेली असते. परंतु तिची मूळ कल्पना तीच आहे. तिची लांबी निदान साडेतीन मीटर व रुंदी निदान साठ सेंटिमीटर असावी लागते, आणि वजन आठनऊ किलो, म्हणजे एका हातानें उचलून खांद्यावर टाकण्याजोगें, असतें. खेळाडूच्या कमरेस रबराचा घेर असतो, तो भोंकाच्या कांठावर घट्ट बसवितात. वल्ह्याला दोन्ही टोकांस पातीं असतात. हिची बहीण शोभेल अशी दुसरी होडी म्हणजे कॅनो. तींत खेळाडू गुडघे टेकून बसतो व एकाच पात्याचें वल्हें वापरतो. शर्यती दोन्ही होड्यांच्या होतात. नियमहि बहुतेक सारखेच आहेत.

समुद्रावरची ही होडी डोंगरांतल्या नदीवर आली ती जर्मनींतील एका विद्यार्थ्याच्या युक्तीमुळें. आल्फ्रेड हॉयरिख यानें १९०५ सालीं घडी करतां येईल अशी होडी तयार केली, आणि १९०७ मध्यें योहान क्लेपर या शिंप्याच्या धंद्यांतील गृहस्थानें तिचे हक्क घेऊन ती विक्रीस आणली. होडी पिशवींत घालून आगगाडीनें डोंगरांत न्यावी व तेथून नदीबरोबर खालीं उतरत यावें, अशी चालच मग आल्प्स पर्वताच्या परिसरांत पडली. १९२७ सालीं ऑस्ट्रियाच्या पाव्लाटा यानें इनुइट लोकांच्या पद्धतीचीं वर्णनें अभ्यासून उलटलेली होडी वल्ह्यानें सुलटी करण्याची कला युरोपियनांमध्यें प्रथम साध्य केली. तेव्हांपासून उलटणें हा खेळाचा शेवट न राहतां खेळांतलाच एक प्रसंग झाला. पुढें १९३३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें, बर्फावरील घसरशर्यतीचें अनुकरण करून, खांबांच्या जोड्यांमधून होडी नागमोडी नेण्याची शर्यत सुरू झाली. ती प्रारंभीं संथ पाण्यावर झाली, आणि लवकरच धांवत्या पाण्यावर गेली. बर्फावरच्या शर्यतीचें स्लालम हें नांवहि तिनें घेतलें. १९४९ मध्यें जिनिव्हा येथें तिची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

या शर्यतीचे नियम ऐकावयास सोपे आहेत. दीडशे ते चारशे मीटर लांबीच्या उतरत्या प्रवाहावर तारा ताणून त्यांवरून खांबांच्या जोड्या लोंबत्या सोडतात. प्रत्येक जोडी म्हणजे एक दार. अशीं अठरा ते पंचवीस दारें असतात. हिरव्यापांढऱ्या पट्ट्यांचें दार प्रवाहाबरोबर खालीं जातांना ओलांडावयाचें. आणि तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांचें दार प्रवाहाविरुद्ध, खालून वर चढून ओलांडावयाचें. हीं उलटीं दारें सहा तरी असतातच. खांबाला अंग, वल्हें किंवा होडी लागली तर लागलेल्या वेळांत दोन सेकंद मिळवितात; दार चुकलें तर पन्नास सेकंद. ज्याचा एकंदर वेळ कमी तो जिंकतो. खोखोंत पळणारा गडी बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळतो तें आपण पाहिलेंच आहे. तसेंच हें पळणें समजा; भेद इतकाच कीं, येथें मैदानच पळत असतें.

आतां कोणी विचारील कीं, लोंढ्याच्या तोंडाशीं एवढीशी होडी वर चढणार कशी? मनुष्याच्या दंडांत एवढें बळ कोठून येणार? याचें उत्तर असें कीं, तेवढें बळ कोणाच्याहि दंडांत नसतें. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. त्याच्याशीं झुंज घेऊन कोणीहि जिंकलेला नाहीं. खेळाडू वर चढतो तो पाण्याच्याच आधारानें. या खेळाचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतों.

प्रवाहाच्या मध्यें एक मोठा खडक आहे अशी कल्पना करा. पाणी त्याच्या छातीवर आदळतें व दोन्ही बाजूंनीं निसटून पुढें जातें. खडकाच्या पाठीमागें त्यामुळें पोकळी पडूं पाहते, आणि ती भरून काढण्यासाठीं खालचें पाणी मागें वळून खडकाकडे येतें. हेंच तें उलटें पाणी. भर लोंढ्यांत असलेला हा एक आडोसाच होय. तेथें होडी विसावते. इतकेंच नव्हे, तर न वल्हवितां वरच्या बाजूस सरकूं लागते. तांबडें दार बहुधा अशाच आडोशांत टांगलेलें असतें. खेळाडू वेगानें खालीं येतो, आणि होडीचें नाक उलट्या पाण्यांत घुसवितो. नाक वर ओढलें जातें, शेपूट अद्याप खालीं धांवत असतें. त्यामुळें होडी जात्याच्या पाळीसारखी गर्रकन् फिरते. त्याच क्षणीं तो वल्हें नाकाजवळ पाण्यांत खुंटीसारखें रोवतो आणि त्या खुंटीभोंवतीं होडी वळवितो. १९५० नंतरच्या दशकांत चेकोस्लोव्हाकियाच्या मिलो डफेक यानें ही युक्ति प्रचारांत आणली, आणि आजहि ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. होडी फिरविण्याचें काम पाण्यानें केलें; खेळाडूनें फक्त जागा आणि क्षण निवडला.

त्या दोन पाण्यांच्या मध्यें एक शीव असते. फेसाच्या व लहान भोंवऱ्यांच्या रेषेवरून ती ओळखतां येते. नवशिका बुडतो तो बहुधा या शिवेवर. ती ओलांडतांना वळणाच्या आंतल्या बाजूस झुकावें लागतें, वळणावर सायकलस्वार झुकतो तसें. परंतु भीतीचा स्वभाव असा कीं, ती माणसाला नेमकी उलट बाजूस झुकविते. मग येणारें पाणी होडीच्या कांठावर चढतें आणि होडी पालथी होते. भय वाटणें स्वाभाविक आहे. मात्र त्या भयानें सुचविलेली हालचाल बहुधा चुकीची असते, आणि ही ओढ मोडून काढण्यांतच शिक्षणाचीं वर्षें जातात.

उलट्या पाण्याखेरीज आणखी दोन खुणा त्याला वाचतां आल्या पाहिजेत. खडकांमधून खोल पाण्याची गुळगुळीत जीभ खालीं उतरत असते. तो मोकळा रस्ता. याउलट, पायरीवरून पडणारें पाणी जेथें तळाशीं जाऊन पुन्हा वर येतें, तेथें पृष्ठभागावरचें पाणी मागें पायरीकडे वळतें आणि फेसाचा एक खळगा तयार होतो. लहान खळगा होडीला क्षणभर अडवितो. मोठा असला तर धरूनच ठेवतो. ही वाचनाची परीक्षा शर्यतीच्या दिवशीं विशेष कठीण होते. कारण दारांची मांडणी स्पर्धेसाठीं नवी केलेली असते, आणि ती एकदां ठरली म्हणजे तीवर सराव करण्यास मनाई असते. खेळाडू केवळ कांठानें चालत प्रत्येक दार पाहतो. शर्यतीपूर्वीं कांठावर उभे राहून, डोळे मिटून, हवेंत हात फिरविणारे खेळाडू दिसतात. तीं सर्व दारें ते मनांतल्या मनांत ओलांडीत असतात.

दोन सेकंद म्हणजे किती, हें एका उदाहरणावरून कळेल. टोकियोचें ऑलिंपिक २०२१ सालीं झालें. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स ही त्या वेळची जगांतली अग्रगण्य खेळाडू. तिचे वडील जगज्जेते, आई ऑलिंपिकची पदकविजेती. म्हणजे विद्या घरांतलीच. स्त्रियांच्या कयाक शर्यतीच्या अंतिम फेरींत तिनें सारा मार्ग १०२.७३ सेकंदांत उतरून दाखविला. परंतु वाटेंत दोन खांबांना स्पर्श झाला होता. चार सेकंद मिळविल्यावर तिचा वेळ १०६.७३ झाला, आणि १०५.५० सेकंदांत निर्दोष उतरलेली जर्मनीची रिकार्डा फुंक सुवर्णपदक घेऊन गेली. फॉक्सला कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. तिनें खचून न जातां दोनच दिवसांनीं कॅनोच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. स्त्रियांसाठीं ती शर्यत ऑलिंपिकमध्यें प्रथमच ठेवण्यांत आली होती. पुढें २०२४ मध्यें पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कयाक व कॅनो या दोन्ही शर्यती तिनेंच जिंकल्या. केवळ वेगानें ही शर्यत जिंकतां येत नाहीं. वेग आणि नेटकेपणा यांचा तोल ज्याला साधेल त्याचीच ती.

ऑलिंपिकमध्यें या खेळाचा प्रवेश झाला तो १९७२ सालीं. म्युनिकच्या त्या ऑलिंपिकसाठीं आउग्सबुर्ग या शहरांत लेख नदीचें पाणी वळवून, काँक्रीटच्या कालव्यांत खडक व वळणें घडवून, मुद्दाम खळाळ निर्माण केला होता. पूर्व जर्मनीच्या लोकांनीं आपल्या देशांत त्स्विकाउ येथें त्याच मार्गाची प्रतिकृति उभारून सराव केला, आणि शर्यतीचीं चारहि सुवर्णपदकें नेलीं. त्यांच्या खेळाडूंचें कौशल्य निःसंशय होतें. तथापि एखादें पाणी आधींपासून ओळखीचें असणें म्हणजे काय, हेंहि त्यावरून दिसून आलें. असा मार्ग बांधण्याचा खर्च मोठा, म्हणून पुढें वीस वर्षें ऑलिंपिकमध्यें हा खेळ झाला नाहीं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून मात्र तो कायमचा आला. आतां बहुधा पाणी पंपांनीं उचलून कृत्रिम मार्गावर सोडतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकसाठीं बांधलेला मार्ग तीनशे मीटर लांब असून त्याला साडेपांच मीटरचा उतार आहे, आणि त्यावरून दर सेकंदाला सुमारें तेरा हजार लिटर पाणी वाहतें. पाण्यांतील अडथळेहि हलवितां येतात. अर्थात् खळाळाचें रूप हवें तसें बदलतां येतें.

असें असलें तरी नैसर्गिक नदीवरची शर्यत नाहींशी झालेली नाहीं. तिच्यांत दारें नसतात. चार ते सहा किलोमीटर नदी, खडक, लाटा आणि घड्याळ, एवढाच मामला. तिची जागतिक स्पर्धा १९५९ सालीं फ्रान्समधील व्हेझेर नदीवर, त्रेन्याक येथें, प्रथम भरली. या शर्यतीची होडी अधिक लांब असते. ती सरळ धांवते पण सहज वळत नाहीं. म्हणून पुढच्या वळणावर पाण्याची जीभ कोठें आहे तें फार आधीं ओळखावें लागतें. याखेरीज चार खेळाडूंना उंच चौथऱ्यावरून एकदम पाण्यांत सोडण्याची एक नवी शर्यत पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें प्रथम झाली. तींत एकमेकांना धक्का लागला तरी चालतो. आणि वाटेंत ठराविक जागीं स्वतः होऊन उलटून पुन्हा सुलटें व्हावें लागतें. तीमधील स्त्रियांचें सुवर्णपदक नोएमी फॉक्स हिनें, म्हणजे जेसिकाच्याच धाकट्या बहिणीनें, मिळविलें.

हा खेळ धोक्याचा आहे काय? आहे, परंतु धोका ओळखून त्याची व्यवस्था लावणें हाच त्याचा पहिला पाठ. डोक्यावर शिरस्त्राण, अंगांत तरंगतें जाकीट, आणि कांठावर दोर घेऊन उभे असलेले रक्षक यांवांचून शर्यत होत नाहीं. नद्यांच्या खळाळांच्या एक ते सहा अशा पायऱ्या ठरविलेल्या आहेत. पहिली नवशिक्यासाठीं, सहावी जवळजवळ अगम्य. आपली पायरी कोणती हें जो प्रामाणिकपणें ओळखतो तोच पुढची चढतो. कांठावरून पाणी पाहून, आज येथें उतरावयाचें नाहीं, असें म्हणून होडी पुन्हा खांद्यावर घेणें याला कसलेले खेळाडू कमीपणा मानीत नाहींत.

त्यांच्या शिक्षणांतील तीन गोष्टी तर, ज्यांना या खेळाशीं कांहीं कर्तव्य नाहीं अशांनींहि लक्षांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, वेगवान् पाण्यांत पडल्यावर पायांवर उभें राहण्याचा यत्न करूं नये. पाणी गुडघाभर असलें तरी पाऊल दगडांत अडकतें आणि लोंढा माणसाला तोंडघशीं पाडून दाबून ठेवतो. उताणें व्हावें, पाय पुढें व वर ठेवावे, आणि हातांनीं तिरपें कांठाकडे सरावें. दुसरी गोष्ट, पाण्यांत पडलेल्या झाडाच्या फांद्यांपासून दूर राहावें. चाळणींतून पाणी जातें आणि दाणा वर राहतो. तेथें दाण्याच्या जागीं माणूस असतो. तिसरी गोष्ट बंधाऱ्याविषयीं. बंधाऱ्यावरून सारखी धार पडत असते, तिचा आवाजहि फारसा नसतो, आणि म्हणून तें पाणी निरुपद्रवी वाटतें. परंतु त्याच्या पायथ्याशीं मघां सांगितलेला खळगा या कांठापासून त्या कांठापर्यंत सलग असतो. त्यांत सांपडलेली वस्तु पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढली जाते व बाहेर पडत नाहीं. कयाकचे जाणते खेळाडू मोठ्या लाटांना भीत नाहींत, पण बंधाऱ्याला भितात. आपल्याकडे नदीनदीवर बंधारे आहेत, आणि पावसाळ्यांत त्यांवर पोहावयास जाणारीं मुलेंहि आहेत. म्हणून हें येथें मुद्दाम सांगितलें.

हा खेळ आपल्या देशांत नवा आहे, तथापि अगदीं अपरिचित नाहीं. नर्मदेच्या कांठीं महेश्वर म्हटलें कीं मराठी माणसाला अहिल्याबाई होळकर आठवतात. त्या महेश्वराजवळ नर्मदा काळ्या खडकांवर फुटून असंख्य धारांनीं वाहते, त्या स्थळाला सहस्रधारा म्हणतात. २०२३ सालच्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील स्लालमच्या शर्यती तेथेंच झाल्या. केरळांत कोळिकोड जिल्ह्यांतील डोंगरी नद्यांवर पावसाळ्यांत कयाकच्या शर्यती भरतात, व परदेशचे खेळाडूहि त्यांत भाग घेतात. आपल्या कोंकणांत कोलाडजवळ कुंडलिका नदीवर रबरी तराफ्यांतून फेसाळ पाणी उतरण्याची हौस अनेकांनीं भागविली असेल. मुळशीच्या धरणाचें पाणी भिऱ्याच्या वीजगृहांतून सुटलें म्हणजे तेथील खळाळ जागा होतो, आणि तें थांबलें कीं निजतो. सह्याद्रीच्या नद्या पावसाळ्यांत बेफाम आणि उन्हाळ्यांत कोरड्या. त्यामुळें वर्षभर भरवशाचें पाणी मिळणें ही येथील खरी अडचण आहे. परंतु नावाडी, कोळी आणि पूर्वीं भोपळ्यांच्या सांगडीवरून पूर ओलांडणारे आपले नदीकांठचे लोक यांना उलट्या पाण्याची ओळख होतीच. नदीच्या मध्यावर न झगडतां आडोशाआडोशानें वर सरकावें हें ज्ञान त्यांना कोणत्याहि पुस्तकानें दिलेलें नव्हतें.

श्रोतेहो, पाण्याशीं टक्कर देणारा वीर अशी या खेळाडूची कल्पना दुरून पाहणाऱ्याला होते. जवळून पाहिलें तर तो टक्कर टाळणारा आणि पाण्याचें ऐकणारा माणूस असल्याचें दिसतें. उत्तम खेळाडूचे वल्ह्याचे फटके सामान्य खेळाडूपेक्षां थोडे असतात. उरलेलें काम त्यानें पाण्याकडून करून घेतलेलें असतें. यंदाच्या पावसाळ्यांत पुलावर उभे राहाल तेव्हां कठड्याच्या अलीकडे सुरक्षित राहूनच एक गोष्ट करून पाहा. पुलाच्या खांबाच्या मागें नजर लावा आणि एखादें पान किंवा काटकी तेथें येण्याची वाट पाहा. ती पुढें जाण्याऐवजीं सावकाश खांबाकडे मागें सरकलेली दिसली, म्हणजे या खेळाचें पहिलें अक्षर आपण वाचलें असें समजावें.